सापडत नाही म्हणजे नाही, असे नव्हे

गतवर्षी मराठीच्या प्रकल्पासाठी लोककथांतील शब्द मोजणारी एक छोटी आज्ञावली मी 'सी' भाषेत लिहिली. सादरीकरणास दोन दिवस उरले असता कोड एडिटरच्या एक्स्टेन्शनने कळविले, 'कंपायलर सापडत नाही.' मी तो तीनदा काढून पुन्हा बसविला. अखेर लॅपटॉप तयार करून देणाऱ्या दादालाच फोनवरून नाही नाही ते बोललो.

आपल्यापैकी अनेकांना वाटते, एडिटर आला की कंपायलर आलाच. वस्तुतः एडिटर ही लिहिण्याची वही, एक्स्टेन्शन हा तिचा मदतनीस, आणि लिहिलेले यंत्रभाषेत उतरविणारा कंपायलर तिसराच. माझा कंपायलर जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. विंडोजवर मी तो एमसिस२ मधून घेतला होता. मदतनीस त्याला प्रामुख्याने 'पाथ' या यादीतील फोल्डरांत शोधतो. ग्रंथालयात पुस्तक कपाटात असावे, पण तालिकेत त्याचे कार्ड नसावे, तशी माझी गत झाली होती.

मित्रहो, अशा वेळी क्रमाने पाहावे. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन अक्षरांत 'व्हेअर जीसीसी' ही आज्ञा द्यावी. पत्ता उमटला नाही, तर 'जीसीसी.ईएक्सई' ही फाइल स्वतः शोधावी. माझ्याकडे ती सी ड्राइव्हवर 'एमसिस६४', त्यात 'यूसीआरटी६४', त्यात 'बिन' अशी सुखरूप होती. मुळीच नसेल, तर एमसिस२ बसले, पण त्यातून जीसीसी घ्यावयाचा राहिला, असे समजावे. फाइल असल्यास 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स'मधील पाथमध्ये तो 'बिन' फोल्डर जोडावा. फाइलचे नाव तेथे लिहू नये.

एवढे करूनही माझे अडलेच! कारण एडिटर उघडाच होता. प्रोग्रॅम सुरू होताना यादीची प्रत घेतो. नंतरचा बदल त्याला कळत नाही. एडिटरच्या सर्व खिडक्या बंद करून पुन्हा उघडल्या आणि काम झाले. प्रॉम्प्टला कंपायलर सापडतो, पण एक्स्टेन्शनला नाही, असे असेल तर त्याच्या 'कंपायलर पाथ' या सेटिंगमध्ये फाइलच्या नावासह पूर्ण पत्ता द्यावा.

रात्री अकराला शब्दांचा तक्ता पडद्यावर उतरला. त्याआधी मी दादाला फोन केला होता. कंपायलर पहिल्या दिवसापासून जागेवरच होता. कोठे शोधले जात आहे, एवढे मी विचारले नव्हते.