क्रिएटिनिन आणि देव

निफाड,
डिसेंबर

चि. बाळास,



फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं, आणि तू परवा जे बोललास ते अर्धं ऐकून उत्तर देण्यासारखं नव्हतं. म्हणून कागद घेतला. तू म्हणालास, "आत्या, रिपोर्ट बरा आला की देव जवळ वाटतो. वाईट आला की वाटतं, ऐकायला कुणी नाहीच." प्रार्थनासभेत असं कुणी बोलत नाही. तिथे जो तो साक्ष तयार करूनच आलेला असतो. तू बोललास, बरं वाटलं.

तुझा विश्वास आटलाय असं मला वाटत नाही. त्यानं जागा बदललीय. देवापाशी होता, तो उठून सूनबाईच्या किडनीच्या रिपोर्टातल्या क्रिएटिनिनपाशी जाऊन बसलाय. सकाळी उठल्याउठल्या तिला वजनकाट्यावर उभं करायचं, मग बीपीचं मशीन, मग फाइल काढून मागच्या महिन्याशी ताडून बघायचं, आणि त्यावरून आजची प्रार्थना होणार की नाही हे ठरायचं. वजन बघायलाच हवं. दोन डायलिसिसच्या मध्ये किती पाणी चढलं ते त्याशिवाय कळणार कसं? डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाच्या हातावर रोज बोटं ठेवून ती थरथर लागते का बघतोस, त्या हाताला बीपीचा पट्टा लावू देत नाहीस, हे सूनबाईनं मला कौतुकानं सांगितलं. ते चालू ठेव. पण क्रिएटिनिनचा आकडा तिच्या रक्ताचा आहे. देव आज आहे की रजेवर गेलाय, हे त्यावरून काढू नकोस. तिला बरं वाटावं म्हणून माग, रोज माग, हट्टानं माग. फक्त बरं होण्यालाच देव करून बसू नकोस.

आता त्या पाहुण्यांविषयी. घरी येऊन तुला सांगून गेले ना, की तुमचा विश्वास कमी पडतोय, घरात काही लपलेलं पाप असेल, विश्वासानं मशीन सोडून दाखवा? त्यांचं नाव मला नको. पण एवढं लक्षात ठेव : डायलिसिस बंद केलं तर असा पेशंट थोडे दिवस, फार तर काही आठवडे काढतो. ज्यानं हा सल्ला दिला तो त्या दिवसांत तुझ्या दारात उभा राहणार नाही. पुन्हा आले तर चहा दे, आणि पवित्र शास्त्र काढून तीन-चार जागा वाचायला लाव. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसला पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन ठेवले तरी आजारी बरे होत होते. त्याच इफिसचा त्रफिम हा पौलाचा सोबती. त्याला मिलेतमध्ये आजारी ठेवून आलो, असं पौल तीमथ्याला लिहितो, एका ओळीत, कसलंही स्पष्टीकरण न देता. खुद्द तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. एपफ्रदीत मरता मरता वाचला, तेव्हा देवानं दया केली म्हणतो. आणि त्याच्या स्वतःच्या शरीरातला तो काटा! तीनदा विनवणी करूनही निघाला नाही. या सगळ्यांचा विश्वास कमी पडला होता का? आणि कमी पडला होता तर तुझ्या-माझ्यासारख्यांनी काय करायचं?

डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास असता तर आपल्या लोकांनी दवाखाने कशाला काढले असते? मिरजेला डॉ. वानलेसांनी 1894 मध्ये हॉस्पिटल उघडलं. राहुरीकडचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि मेबलताई 1970 मध्ये जामखेडला जाऊन बसले ते जन्मभर. आणि आपल्या निफाडच्या द्राक्षवाल्यांकडे बघ. सध्या थंडीनं इथे कहर केलाय. बागाईतदार संध्याकाळी प्रार्थनेला बसतो, थंडी उतरू दे म्हणून मागतो, आणि आमेन म्हणून बागेत जाऊन रात्रभर शेकोट्या पेटवतो. शेकोटी पेटवली म्हणून त्याची प्रार्थना खोटी, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुझ्याकडे आहे, मीच दिलंय. पुन्हा काढ. बाई आपल्याकडच्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. आपण त्या पुस्तकातल्या गमती सांगतो, हसतो, आणि त्यातली मोठी गोष्ट वाचायची राहून जाते. त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तो 10 फेब्रुवारी 1895 ला. बाईंनी घेतला 1900 मध्ये. मधली वर्षं त्या रडल्या, आजारी पडल्या, नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि परत आल्यावरही आपलं सोवळं सांभाळून होत्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपणही व्हायचं, हे त्यांना कधी पटलंच नाही. स्वतःच्या डोक्यानं विचार केला, जातिभेद माणसानंच केलेला आहे हे स्वतःशी ठरवलं, आणि मग निघाल्या. मला वाटतं, पुढे 9 मे 1919 ला मुंबईत टिळक गेले तेव्हा हेच उपयोगी पडलं. नवऱ्याच्या जिवावर उभी असलेली श्रद्धा त्याच्याबरोबरच गेली असती. बाई त्यानंतर सतरा वर्षं जगल्या, टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं, आणि आयुष्याच्या शेवटी शेवटी 'स्मृतिचित्रे' दिलं. त्यात टिळकांवर जीवही आहे आणि त्यांच्या विसरभोळेपणाचा, उधळपट्टीचा, तापट स्वभावाचा पंचनामाही आहे. नवऱ्याला त्यांनी देव केला नाही, म्हणून त्यांना त्याच्यावर मनसोक्त रागावता आलं आणि मनसोक्त प्रेमही करता आलं.

हे तुला का सांगते? कारण सूनबाईचीच तक्रार आहे. "आत्या, हे माझ्याशी भांडतच नाहीत आता." तू तिला देव्हाऱ्यात बसवलंयस. ती मागेल ते, ती म्हणेल तसं, आणि डोळ्यांत सतत भीती. तिला ती दिसते रे. पाण्याचा ग्लास मोजून देताना तुझा हात कापतो, तेव्हा तहान तिला लागलेली असते आणि धीर तिनं तुला द्यायचा. तिच्याशी भांड. डाळीत मीठ नाही म्हणून ती कुरकुरली तर तूही कुरकुर. आणि एक कर : तिला म्हण, आज माझ्यासाठी तू प्रार्थना कर. आजारी पडल्यापासून सगळे तिच्यासाठी प्रार्थना करताहेत, तिच्याकडे कुणी मागितलीच नाही. तिचा विश्वास मशीनला जोडलेला नाही. तो तुझ्यापेक्षा धट्टाकट्टा असेल.

तुझी स्वतःची प्रार्थना होत नाही म्हणतोस. मोठी करूच नकोस. डायलिसिसचे ते चार तास तू बाहेरच्या खुर्चीत बसून मोबाईलवर किडनीचे व्हिडिओ बघतोस, त्यातली दहा मिनिटं स्तोत्रांना दे. आणि गोड गोड स्तोत्रं शोधू नकोस. 88वं वाच. त्याला चांगला शेवट नाही, उजेड नाही, आभार नाहीत. तरी तो माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाशीच बोलतो. देवाविषयी शेजाऱ्यापाशी बोलत नाही. तूही रागाव, पण तोंड त्याच्याकडे करून रागाव. ईयोबानं तेच केलं, आणि शेवटी देवानं ठपका ठेवला तो त्याच्या मित्रांवर. ते मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते तोवर फार चांगले होते, बरं का.

रविवारी देवळात जात नाहीस हेही कळलं. शनिवारच्या डायलिसिसनंतर ती गळून जाते, ते खरं. पण तुझं न जाणं तिच्यामुळे नाही. "आता कशी आहे तब्येत?" या प्रश्नाला तू कंटाळलायस. मग मागच्या बाकावर बस आणि शेवटचं गीत सुरू झालं की नीघ. पाळकसाहेबांना मी फोन करणार होते, पण तूच कर. नाताळात प्रभुभोजन घरी आणून द्या म्हणावं. ते नाही म्हणणार नाहीत. कॅरलवाल्यांना मात्र सांग, दोनच गाणी म्हणा, आणि ढोलकी जरा हळू.

बरी होईल असं मी तुला लिहीत नाही. किडनी मिळेल का, तुझी जुळेल का, हे डॉक्टर सांगतील. नाही जुळली तर तो निकाल देवानं तुझ्यावर दिलेला आहे असं समजू नकोस. जन आरोग्य योजनेचे कागद हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून पुन्हा तपासून घे. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं तिचं नाव सारखं हवं. लग्नाआधीचं आडनाव कुठे राहिलं असेल तर आत्ताच दुरुस्त कर.

येत्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी येते. हॉस्पिटलात तिच्याजवळ मी बसेन. तू घरी जाऊन झोप. मला ते मशीन बघायचंच आहे. बागेतली द्राक्षं आणू का, ते डायटिशियनना विचारून कळव. बेदाण्यांत पोटॅशियम जास्त, म्हणून ते आणत नाही. कांदे मात्र आणते, ते तुमच्याकडे संपलेत असं सूनबाई म्हणाली.

तुझी,
आत्या