वाडीवरील आरोग्यसेवा : साधन आणि प्रशिक्षण

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांना लोहमार्गाची जोड फार पूर्वीपासून लाभली आहे. खालापुरातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही जातो. तथापि डोंगरउतारावरील कित्येक ठाकूर व कातकरी वाड्यांची वाट आजही पायवाटच आहे. १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना चढण पायीच चढावी लागली. अशा ठिकाणी आजारी अर्भकापाशी बहुधा प्रथम पोहोचते ती आशा स्वयंसेविका. तिच्या हाती कोणते साधन द्यावे आणि त्याचा वापर तिला कसा शिकवावा, हा प्रश्न म्हणूनच जीवनमरणाचा ठरतो.

मण्यांचे साधन

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. न्यूमोनियाचे एक प्रमुख लक्षण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतील बालकाचे श्वास मिनिटास ६० वा त्याहून अधिक, आणि दोन ते बारा महिन्यांच्या बालकाचे ५० वा त्याहून अधिक असल्यास धोका संभवतो. परंतु निरक्षर सुइणींना एवढी मोजणी अवघड जाई. यासाठी एका मिनिटाची वाळूची घटिका आणि रंगीत मणी यांचे एक साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला की उपचार आवश्यक समजावयाचा. सुइणीस दहापर्यंत मोजता येत होते. साधन तेवढ्यावरच बेतलेले होते.

पुढे तेथील ३९ गावांत, गावातीलच स्त्रियांना नवजात बालकाच्या घरगुती सेवेचे प्रशिक्षण देण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून देशभरातील आशांच्या कामात अशा गृहभेटींचा समावेश झाला.

मलावीतील अनुभव

आफ्रिकेतील मलावी देशात नमितेते येथील सेंट गॅब्रिएल रुग्णालयाने २००८ च्या सुमारास दूरच्या गावांतील स्वयंसेवकांना साधे मोबाईल देऊन लघुसंदेश पाठविण्यास शिकविले. रुग्णाची हकीकत कळविण्यासाठी मैलोगणती चालण्याचे श्रम त्यामुळे वाचले. संदेश वाचून पुढील कार्यवाही करणारे कोणीतरी रुग्णालयात होते, हे या योजनेचे बळ होय.

कर्जत-खालापूरसाठी बोध

२०२१ साली अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ ही मोबाईल प्रणाली सुरू झाली. तिचे शिक्षण केवळ बटणे दाबण्यापुरते राहू नये. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. स्थलांतरित बालकाची नोंद कशी करावी व भट्टीजवळच्या अंगणवाडीस ती कशी कळवावी, हे प्रशिक्षणात प्रत्यक्ष करून घ्यावयास हवे. रेंज नसलेल्या वाडीवर वहीत नोंद कशी ठेवावी, हेही शिकविले पाहिजे. सराव सभागृहाऐवजी वाडीवरच व्हावा, आणि भातलावणीचे दिवस त्यासाठी टाळावेत.

ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने आपल्या बैठकीत एक प्रश्न अवश्य विचारावा : वाडीवरून निरोप आल्यास रात्री वाहन कोण पाठविणार आणि रस्त्यापर्यंत झोळी कोण वाहणार? याचे उत्तर नावानिशी ठरलेले असेल, तरच आशेने मोजलेल्या श्वासांचे चीज होईल.