थाळीचा ताळेबंद

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा भरला जातो आणि शेवटच्या आठवड्यात घरातील थाळी हळूहळू आकसू लागते. वरण पातळ होते, कोशिंबीर दिसेनाशी होते, फळांची टोपली रिकामी राहते. घरभाडे, कर्जाचा हप्ता, शाळेचे शुल्क, विजेचे देयक या रकमा ठरलेल्या असतात. त्यामुळे कात्री लागते ती अन्नखर्चाला. आणि घरातही ती प्रथम लागते सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या गृहिणीच्या ताटाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी अपुरा आहार हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे.

‘पौष्टिक आहार आपल्याला परवडत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. हे विधान जमाखर्चाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

पैसा जातो कोठे?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के, तर शहरी कुटुंबात सुमारे ३९ टक्के होता. लक्षणीय बाब अशी की, शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ ११ टक्के रक्कम पेये, बाहेरचे जेवण व प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर गेली. तृणधान्यांवर मात्र ४ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे काटकसरीला वाव आहे, परंतु तो डाळीच्या डब्यात नसून बिस्किटे, वेफर्स आणि शीतपेयांच्या खात्यात आहे.

प्रथिनांचा दर काढावा

बँकेत ठेव ठेवताना ग्राहक व्याजाचा दर विचारतो. किराणा घेताना मात्र तो केवळ किलोचा भाव विचारतो. खरा प्रश्न असा की, त्या पैशांत पोषण किती पदरात पडले? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात; बदामात सुमारे १८. हिशेबापुरते शेंगदाणे रु. १५० किलो व बदाम रु. ८०० किलो धरले, तर दहा ग्रॅम प्रथिनांसाठी शेंगदाण्यांचे सव्वासहा रुपये आणि बदामांचे सुमारे चव्वेचाळीस रुपये पडतात. बदाम वाईट नव्हेत. पण ते परवडत नाहीत म्हणून खंत करण्याचेही कारण नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दररोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात त्याहून अधिक. आता पुढील हिशेब पाहावा :

• ज्वारी २५० ग्रॅम : सुमारे २५ ग्रॅम प्रथिने
• डाळ ८५ ग्रॅम : सुमारे १८ ग्रॅम प्रथिने
• शेंगदाणे ३० ग्रॅम : सुमारे ७ ग्रॅम प्रथिने

एकूण ५० ग्रॅम. ज्वारी रु. ५०, डाळ रु. १२० आणि शेंगदाणे रु. १५० किलो असे धरल्यास हा खर्च रु. २७.२० होतो. आपल्या गावचा भाव घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा. अंडी खाणाऱ्यांना एका अंड्यातून आणखी सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. कोकणातील घरांना सुकटीचा आधार आहेच.

जुनी सांगड, पक्के शास्त्र

तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनिन. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरणभात, भाकरी-पिठले, थालीपीठ, दक्षिणेतील इडली, उत्तरेतील खिचडी या सर्वांमागे हेच सूत्र आहे. बदलीच्या निमित्ताने देशभर फिरणाऱ्या मराठी कुटुंबांनी गावोगावचे असे स्वस्त अन्न आपलेसे करावे. बिहारचे सातू किंवा कर्नाटकातील नाचणीची मुद्दे यांत पैसा थोडा व पोषण भरपूर आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते सर्वच्या सर्व शरीरात शोषले जात नाही. नाचणीला मोड आणल्यास किंवा आंबील केल्यास शोषण सुधारते. मात्र ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नसल्याने शाकाहारी घरात दूध, दही वा ताक असणे अगत्याचे आहे.

फळांचेही तेच. पेरूमध्ये क जीवनसत्त्व शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, सफरचंदात चार मिलिग्रॅमही नसते. तरीही आजाऱ्याला भेटायला जाताना हाती सफरचंदच घेतले जाते! हंगामातील पेरू, आवळा, बोरे, पपई ही खरी किफायतशीर खरेदी होय.

स्वयंपाकघरातील गळती

घेतलेले पोषण ताटापर्यंत पोहोचले तरच त्याचा उपयोग. त्यासाठी काही साध्या सवयी पुरेशा आहेत :

• भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेले पाणी फेकून न देता आमटीत घालावे.
• मुळ्याचा व फ्लॉवरचा कोवळा पाला, शेवग्याची पाने टाकून देऊ नयेत.
• मूग-मटकीला मोड आणावेत. उसळीवर लिंबू पिळावे. त्यामुळे लोह चांगले शोषले जाते.
• चहा जेवणाबरोबर घेऊ नये. तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो.
• तेल व साखर महिन्याच्या आरंभीच मोजून काढावी. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत असावे.

मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. पण अंथरूण लहान आहे म्हणून कोणी पाय तोडून घेत नाही. घरखर्चाची वही लिहिताना डाळ, भाजी आणि शेंगदाणे यांची रक्कम हप्त्याप्रमाणे प्रथम बाजूला काढावी. उरलेल्यात हौसमौज बसवावी. आणि एक नियम प्रत्येक घराने पाळावा : भाजी-आमटीचे वाटे आधी करावेत, त्यांत गृहिणीचा वाटा पूर्ण असावा, आणि मग सर्वांनी एकाच पंगतीला बसावे. या नियमाला एक पैसाही खर्च येत नाही.