गाडी विजेची, गल्ली अरुंद : घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

आमच्या पेढीवर ग्रे कापडाचे ताके पाहण्यासाठी येणारे व्यापारी हल्ली भाव विचारण्याच्या आधी दुसरेच काही विचारतात. "सेठ, तुम्ही विजेची गाडी घेतली म्हणे. परवडते का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून आम्ही त्यांना उलट विचारतो, "रात्री गाडी कुठे उभी करता?" बहुतेकांचे उत्तर एकच असते, "कुठे म्हणजे? गल्लीत, जागा मिळेल तिथे."

या लेखाचा विषय हाच आहे. भिवंडी, मालेगाव, मुंबईचे डोंगरी-नागपाडा, अशा आपल्या जुन्या वस्त्यांतील इमारती ज्या काळात उभ्या राहिल्या, त्या काळात सामान्य माणसाकडे मोटार असेल ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे इमारतीला आवार नाही आणि गाडीला ठरलेली जागा नाही. पेट्रोलच्या गाडीला याने फारसा फरक पडत नाही. पंपावर पाच मिनिटे थांबले की काम होते. विजेच्या गाडीचे तसे नाही. तिला चारा खायला वेळ लागतो, आणि तो वेळ ती कुठे उभी राहणार यावर तिचा सारा नफा-तोटा ठरतो.

प्रथम युनिटचा हिशेब

वीज मोजण्याचे माप युनिट. गाडीची बॅटरीही युनिटमध्येच मोजतात. लहान मोटारीची बॅटरी साधारण २४ युनिटची धरा. शहरातील रहदारीत अशी गाडी एका युनिटमध्ये सुमारे ७ किलोमीटर चालते. ए.सी., वेग आणि भार यांप्रमाणे यात कमी-जास्त होते.

आमची रोजची धाव सरासरी ८४ किलोमीटर आहे. कधी मुंबईला मंगलदास मार्केट, कधी कल्याण, कधी प्रोसेस हाऊस. म्हणजे बॅटरीतून रोज १२ युनिट खर्च होतात. पण चार्ज करताना काही वीज उष्णतेत वाया जाते. ती धरली की मीटरवर साडेतेरा युनिट पडतात. घरातील मोठ्या, म्हणजे १५-१६ अँपिअरच्या प्लगमधून तासाला सुमारे ३ युनिट मिळतात. म्हणजे आमच्या गाडीला रोज साडेचार तास प्लगजवळ उभे राहणे भाग आहे. हे साडेचार तास जेथे मिळतील तेच तिचे खरे घर.

दरात पडणारे अंतर

आता पैशांचा हिशेब पाहू. पुढील दर समजण्यासाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपले वीजबिल समोर ठेवून आपले आकडे घालावेत.

घरच्या मीटरवर युनिटला १० रुपये धरले तर रोजचे १३५ रुपये होतात. दुकान किंवा गोदामाच्या व्यापारी मीटरवर १४ रुपये धरले तर १८९ रुपये. सार्वजनिक जलद चार्जरवर जीएसटीसह २२ रुपये धरले तर २९७ रुपये. तेवढीच धाव सी.एन.जी. गाडीने केली, एका किलोत २० किलोमीटर आणि किलोला ८० रुपये धरले, तर ३३६ रुपये लागतात.

वर्षाचे ३०० दिवस धरले तर सी.एन.जी.च्या तुलनेत बचत अशी होते : घरी चार्ज केल्यास ६०,३०० रुपये, गोदामात ४४,१०० रुपये आणि सार्वजनिक चार्जरवर फक्त ११,७०० रुपये. समजा विजेची गाडी सी.एन.जी. गाडीपेक्षा अडीच लाखांनी महाग पडली. ही जादा रक्कम घरी चार्ज करणाऱ्याची चार वर्षांत सुटते, गोदामात चार्ज करणाऱ्याची पावणेसहा वर्षांत, आणि केवळ सार्वजनिक चार्जरवर अवलंबून असणाऱ्याला एकवीस वर्षे लागतात. तोपर्यंत गाडी भंगारात गेलेली असेल.

शोरूममध्ये तुलना पेट्रोलशी करून दाखवतात. लिटरला १५ किलोमीटर आणि १०५ रुपये धरले तर पेट्रोलचा रोजचा खर्च ५८८ रुपये होतो, आणि मग सार्वजनिक चार्जरही स्वस्त वाटतो. ही तुलना खोटी नाही. पण जो आज सी.एन.जी. चालवतो त्याच्यासाठी ती निरुपयोगी आहे. आपल्याकडे आज जी गाडी आहे तिच्याशीच तुलना करावी.

आणखी एक गोष्ट. ज्याची धाव रोज वीसच किलोमीटर आहे, त्याला पाच-सात दिवसांतून एकदा चार्ज केले तरी पुरते. त्याला पार्किंगची अडचण फार जाणवणार नाही, पण त्याची बचतही नाममात्र राहील. ज्याची धाव मोठी त्याची बचत मोठी, परंतु त्यालाच रोजची हक्काची जागा हवी. आपल्यातील बहुतेक व्यापारी या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

आमच्याकडून झालेली चूक

हा सारा हिशेब आम्ही गाडी घेण्यापूर्वी केला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. २०२३ साली आम्ही रोख पैसे मोजून गाडी घेतली आणि मनाशी म्हटले, वायर खाली सोडू, त्यात काय मोठे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून एक्स्टेन्शन खाली सोडायचे, गल्ली ओलांडून पलीकडे उभ्या गाडीला लावायचे आणि सकाळी गुंडाळून घ्यायचे, असे तीन महिने चालले. शेजारच्या खालांनी एकदा विचारले, "ही वायर रोज रात्री अशीच पडून राहणार का, भाई?" आम्ही हसून म्हटले, "खाला, थोडे दिवस." थोडे दिवस म्हणजे किती, हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

पावसाळ्यात एका पहाटे शेजारचे एक बुजुर्ग फजरच्या नमाजला निघाले. दिवे गेलेले, रस्त्यावर पाणी. वायरीत पाय अडकून ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. आम्ही दवाखान्याचा खर्च दिला, माफी मागितली. त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचीच आम्हाला अधिक लाज वाटली. वाटेतील काटा-दगड बाजूला करणे ही नेकी आहे हे आम्हाला लहानपणीच शिकवले होते. आम्ही तर वाटेत स्वतःच्या हाताने अडथळा टाकला होता. दिवे गेले होते म्हणून वायरीत वीज नव्हती. असती आणि वायर कुठे सोललेली असती, तर काय झाले असते याचा विचार आजही झोप उडवतो.

त्याच दिवशी वायर गुंडाळताना पाहिले, तर एक्स्टेन्शनचा प्लग वितळून काळा पडला होता. इस्त्री अर्धा तास चालते. गाडी साडेचार तास सलग पूर्ण भार ओढते. बाजारातील साधी एक्स्टेन्शन बोर्डे त्यासाठी बनलेलीच नसतात.

उपाय कसा सापडला

त्यानंतर दीड महिना आम्ही सार्वजनिक चार्जरवर काढला. लहान गाडी जलद चार्जरवर दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत जायला सुमारे एक तास घेते. पुढचे वीस टक्के फारच सावकाश भरतात, म्हणून ऐंशीला थांबणे शहाणपणाचे. पण तो एक तास, शिवाय आपल्या आधी दोन गाड्या असतील तर त्यांचे दोन तास, हे सारे पेढीच्या वेळातून जात होते. गिऱ्हाईक येऊन परत जाऊ लागले.

शेवटी रोजमेळाची वही काढून आम्ही आठवडाभर एकच गोष्ट लिहिली : गाडी कुठे किती वेळ उभी राहते. मुंबईची फेरी असेल त्या दिवशी गाडी संध्याकाळी परत येते आणि सकाळी दहापर्यंत हलत नाही. फेरी नसेल त्या दिवशी ती दुपारी चार-पाच तास गोदामाबाहेर उभी असते. गोदामाला आत घेण्याइतके आवार होते, पण तेथे रिकामे पिंप आणि तुटक्या बीम पडल्या होत्या. गाडी दाराशीच हवी हा हट्ट आम्ही सोडला. गोदाम भाड्याचे असल्याने मालकाकडून लेखी इजाजत घेतली, भंगार विकले, वीज कंपनीकडे लोड वाढवण्याचा अर्ज दिला. आता रात्री गाडी गोदामात राहते आणि आम्ही वीस मिनिटे पायी घरी येतो. डॉक्टर यावर खूष आहेत.

वायर, अर्थिंग आणि लोड

ज्यांना अशी जागा मिळेल त्यांनी पुढील गोष्टींत काटकसर करू नये.

१) चार्जिंगसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढावी. ४ चौरस मिलिमीटर तांब्याची चांगली वायर आणि दर्जेदार १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे.

२) त्या वायरीवर स्वतंत्र एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवावी. गळती होताच वीज तोडण्याचे काम ती करते. जीव वाचवणारी वस्तू हीच.

३) अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार असते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचलेली नसते.

४) मंजूर लोड पाहावा. २ किलोवॉटच्या मंजुरीवर ३ किलोवॉटची गाडी लावू नये.

५) सॉकेट पुराच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावे. सखल मोहल्ल्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

स्कूटरवाल्यांसाठी एक सूचना. काही स्कूटरींची बॅटरी काढून वर नेता येते, आणि पार्किंग नसलेल्यांना तीच सोयीची. मात्र ती जिन्यात किंवा दाराजवळ चार्ज करू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

कायदा काय म्हणतो

आपली गाडी आपल्या जागेत आपल्या मीटरवर चार्ज करण्यास बंदी नाही. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट केलेले आहे. महाराष्ट्रात महावितरणच्या दरपत्रकात अशा वापराला त्या जागेच्या वर्गाचाच दर लावण्याची तरतूद आहे. घर असेल तर घरगुती, दुकान असेल तर व्यापारी.

इतरांच्या गाड्या पैसे घेऊन चार्ज करण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. मात्र त्यासाठी चार्जिंग स्टेशनच्या वर्गाची जोडणी घ्यावी. ज्यांच्या कारखान्याला मोठे आवार आहे त्यांनी यावर विचार करावा. दहा-बारा व्यापारी एकत्र आले तर मोहल्ल्याचा प्रश्न सुटतो आणि जागेच्या मालकालाही चार पैसे मिळतात.

नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागेत चार्जिंगची सोय असावी, अशी तरतूद केंद्राने २०१९ मध्ये नमुना बांधकाम नियमांत केली. ज्या इमारतीला पार्किंगच नाही तिला याचा उपयोग नाही. आणि रस्ता नगरपालिकेचा आहे. तेथे परवानगीशिवाय खांब रोवणे किंवा वायर टाकणे आपल्याला शोभत नाही.

विलायतेतही हीच कथा

ही अडचण केवळ आपली नाही. लंडनमध्ये जुन्या चाळवजा घरांच्या रांगा आहेत आणि गाड्या रस्त्यावर उभ्या असतात. तेथे रस्त्याच्या दिव्याच्या खांबातच चार्जिंगचे सॉकेट बसवले जाते. काही ठिकाणी फुटपाथमध्ये अरुंद खाच पाडून त्यातून वायर नेतात, म्हणजे पादचारी अडखळत नाही. पण दराचे अंतर तेथेही आहे : घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के. ज्याच्याकडे आवार नाही त्याला महाग, हा न्याय तेथेही चालतो. फरक इतकाच की तेथील नागरिक नगरपालिकेकडे खांबाची मागणी नोंदवतात. आपणही आपल्या नगरसेवकाकडे गटार-पाण्याबरोबर हीसुद्धा मागणी लेखी द्यायला हवी.

मालवाहू गाडी घेणाऱ्यांसाठी

ताके वाहण्यासाठी तीनचाकी किंवा छोटा टेम्पो घेणाऱ्यांचा हिशेब अधिक सोपा. ती गाडी रात्री गोदामातच राहते. विजेच्या गाड्यांवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. मालवाहू गाडीवर भरलेला हा कर नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला परत वळता करता येतो. बसण्याच्या मोटारीवर ती सवलत नाही, आणि कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांनाही नाही. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने विजेच्या वाहतूक गाड्यांना परमिटची अट माफ झाली. म्हणून पहिली विजेची गाडी घ्यायचीच असेल, तर ती मालाची घ्यावी असे आमचे मत आहे.

शेवटी

गाडी पाहण्यास जाण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहाव्यात. रोजची धाव किती? गाडी सलग साडेचार तास कुठे उभी राहते? त्या जागेचा मालक कोण, आणि त्याची इजाजत लेखी आहे काय? तेथे युनिटचा दर किती? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर खुशाल गाडी घ्यावी, तिच्यात फायदा आहे. दुसऱ्या प्रश्नावरच लेखणी थांबली तर वर्ष-दोन वर्षे सी.एन.जी. चालवावी आणि आधी जागेचा बंदोबस्त करावा.

त्या बुजुर्गांचे मनगट आता बरे आहे. पावसात ते अजून दुखते, असे मात्र ते सांगतात.