चार दिवसांत आवरलेले घर

महसूल खात्याच्या नोकरीत चौतीस वर्षे ज्याने दुसऱ्यांची दप्तरे लावण्यात घालवली, त्याच्या स्वतःच्या घरातील दप्तर सख्ख्या भावाने चार दिवसांत किलोच्या भावाने रद्दीत घालावे, या गोष्टीला आता चौदा महिने होऊन गेले, तरी ती मनातून जात नाही. ज्यांच्या घरी माळ्यावर, फडताळात, पलंगाखालच्या ट्रंकेत वडिलांच्या वेळचे सामान अजून पडून आहे त्यांना माझ्या अनुभवाचा काही उपयोग व्हावा, आणि त्याचबरोबर ‘अण्णांना कचऱ्याचा मोह सुटत नाही’ असा जो प्रवाद आमच्या नात्यागोत्यात पसरवण्यात आला आहे त्याचेही निरसन व्हावे, अशा दुहेरी हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

हकीकत अशी. दसरा होऊन तीन-चार दिवस झाले असता मंडळींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला पुण्यास जावे लागले. धाकटा आणि त्याची पत्नी दिवाळीसाठी म्हणून त्याच सुमारास साताऱ्यास आली होती. ‘अण्णा, तुम्ही निश्चिंत जा, परत याल तेव्हा घर आरशासारखे दिसेल,’ असे तो म्हणाला, त्याचा अर्थ मी आपला नेहमीचा घेतला: जळमटे काढणे, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासणे, फार तर पडदे धुणे. माळ्याविषयी आमच्यात एक अवाक्षरही झाले नव्हते, हे मी येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

पाचव्या दिवशी सायंकाळी आम्ही परतलो तेव्हा घरभर फिनेलचा वास होता, फरशी लख्ख होती, माळ्याची फळी मोकळी होती, आणि खरे सांगायचे तर प्रथमदर्शनी मला बरेच वाटले. पाय धुण्यासाठी मागल्या दारी मोरीपाशी गेलो. तेथे तारेवर एक तांबडे फडके पिळून वाळत घातलेले होते. त्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होते. एका कोपऱ्यावर शाईचा, आता धुवून फिकट जांभळा झालेला डाग होता आणि त्याच्या शेजारी निळ्या दोऱ्याने घातलेले रफूचे आडवेउभे टाके होते. ते टाके आईचे. ज्या खारव्याच्या रुमालात तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घरचे सगळे कागद बांधून ठेवले होते, तोच तो रुमाल होता, आणि त्याने त्या दिवशी फरशी पुसली गेली होती.

‘यातले कागद कुठे ठेवले?’ असे मी विचारले.

‘कसले कागद? ती मोडीतली भेंडोळी? गेली रद्दीत. आता मोडी वाचते कोण?’

‘मी वाचतो,’ असे मी म्हणालो. त्यावर तो काही बोलला नाही. त्याच्या पत्नीने देवघराकडे बोट केले. तेथे कुंकवाच्या कोयरीखाली पाचशे चौसष्ट रुपये आणि रद्दीवाल्याची चिठ्ठी ठेवलेली होती: कागद, सत्तेचाळीस किलो, बारा रुपये दर. तिने ते पैसे देवापुढे ठेवले यात तिचा दुष्ट हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते, आजही कळते. परंतु त्याच रात्री माळ्याची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे साऱ्या नातलगांना मोबाईलवर गेली, त्यांवर अभिनंदनाचे संदेश आले, आणि मी जेवणाच्या ताटावरून उठलो एवढीच गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली. ताटावरून का उठलो, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी रद्दीच्या दुकानापाशी उभा होतो. माल आदल्या दिवशीच टेंपोतून पुढे गेला होता. तो दुकानदार भला माणूस. त्याने पुठ्ठा चांगला म्हणून एक वही स्वतःसाठी बाजूला काढली होती, ती त्याने काही न घेता मला दिली. ती तात्यांची १९६४ सालची रोजनिशी. अशा बेचाळीस होत्या, १९४६ पासून १९८७ पर्यंत, वर्षाला एक. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तात्या पाटण तालुक्यात तलाठी होते. त्यानंतरचे कित्येक आठवडे पडलेल्या घरांची मोजदाद करीत ते गावोगाव हिंडले आणि रोज रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी जे लिहून ठेवले, ते मी एकदाच, महाविद्यालयात असताना, वाचले होते. पुन्हा निवांत वाचू असे म्हणत राहिलो. निवृत्तीनंतर मी मोडीचा अभ्यास पुन्हा सुरू केला होता तो याच दप्तरासाठी.

धाकट्याचा प्रश्न असा की, जे तीस वर्षांत उघडले नाही ते नसल्यामुळे तुमचे अडले काय? हा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला, म्हणून त्याचे उत्तर तपशीलवार देतो. आजोबांचे १९११ सालचे खरेदीखत नोंदलेले होते, त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्ज करून, शोधाची फी भरून त्याची प्रमाणित नक्कल तीन महिन्यांनी का होईना मिळाली. परंतु शेजारच्या बोळाच्या वहिवाटीविषयी तात्यांनी आणि शेजाऱ्यांनी आपसांत केलेला करार नोंदलेला नव्हता. त्याच्या दोनच प्रती होत्या, पैकी आमची गेली, आणि शेजाऱ्यांचे वारस आज त्या बोळात भिंत घालू पाहत आहेत. तात्यांच्या नावची दोन कंपन्यांची शेअर सर्टिफिकिटे होती. कागदी शेअरचे हस्तांतरण १ एप्रिल २०१९ पासून बंद झालेले असल्यामुळे वारसाने नाव लावून ते डीमॅट करून घ्यावे लागतात, आणि सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर शेअरसुद्धा केंद्र शासनाच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. मूळ दाखला हाती असता तर काम सरळ होते. आता पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र या मार्गाने मी चाललो आहे. रोजनिशांची नक्कल मात्र कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी माझ्या टीकाकारांपैकी कोणी केलेली नाही: ज्या जपानी लेखिकेच्या पुस्तकाचा आधार धाकटा घेत होता, ते पुस्तक मी मिळवून सबंध वाचले. मारी कोंडो यांचे हे पुस्तक मूळ जपानीत २०११ साली निघाले. ‘ज्या वस्तूने आनंद होतो तीच ठेवावी’ एवढेच त्यातले एक सूत्र धाकट्याच्या तोंडी होते. वास्तविक त्या बाई घर एकदाच आणि पुरते आवरा असे सांगतात, परंतु त्यासाठी त्यांनी धरलेली मुदत चार दिवसांची नसून सुमारे सहा महिन्यांची आहे. आधी कपडे, मग पुस्तके, मग कागद, मग किरकोळ वस्तू आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी, असा त्यांचा क्रम आहे. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वस्तू त्याच्या परस्पर टाकू नयेत, हे तर त्यांनी स्वतःच्या हातून लहानपणी घडलेल्या चुकांचा दाखला देऊन बजावले आहे. हे पान मी खूण घालून धाकट्याकडे पाठवले. कागदांच्या बाबतीत मात्र, जवळजवळ सगळेच काढून टाकावेत असा जो त्यांचा कल आहे तो मला मान्य नाही. ज्या देशात माणसाचा जमिनीवरचा हक्क तीन पिढ्यांच्या कागदांवर उभा आहे, तेथे हा उपदेश धोक्याचा आहे.

आता मी काय करतो ते सांगतो. आमच्या कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा. ब वर्ग तीस वर्षे. क वर्गात दहा वर्षांचे आणि पाच वर्षांचे असे दोन भाग. आणि ड वर्ग एका वर्षाने नाशास पात्र. नाश करावयाच्या कागदांचा गठ्ठा वेगळा बांधतात, आणि अधिकारी पाहून सही करीपर्यंत त्यातला चिठोरासुद्धा बाहेर जात नाही. हीच पद्धत मी घराला लावली. खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे, जन्ममृत्यूचे दाखले, मालमत्तापत्रक, हस्ताक्षरातील प्रत्येक वही, हे अ. घरदुरुस्तीच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे, हे ब. विजेची देयके, लग्नपत्रिका, गेल्या सालची कॅलेंडरे, हे ड. आणि ड चा गठ्ठा बांधल्यावर तो वर्षभर कोपऱ्यात ठेवायचा, वर तारीख घालायची, आणि घरातील प्रत्येक कर्त्या माणसाने तो पाहिल्याखेरीज हलवायचा नाही. हा एकच नियम माझ्या घरी असता तर तात्यांच्या वह्या आज माझ्यासमोर असत्या.

दुसरी गोष्ट काळाची. दिवाळीच्या तोंडावर घर उपसणे ही आपल्याकडची जुनी रूढी आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण त्या आठ दिवसांत फराळ असतो, पाहुणे असतात, अंगात थकवा असतो, आणि अशा वेळी वस्तू हाती घेऊन तिचा विचार करायला कोणालाही सवड नसते. म्हणून आश्विनात केवळ झाडलोट ठेवावी आणि निवड वर्षभर पसरावी. चैत्र-वैशाखात गाद्या, रजया, लोकरीचे कपडे उन्हात पडतात, तेव्हाच कपड्यांचा निकाल लावावा. मृगाच्या आधी माळा खाली उतरवून कौले, पन्हळ, भिंतीची ओल पाहावी, कारण माळ्यावरच्या सामानाचा खरा शत्रू वरून गळणारे पाणी आहे. आषाढ-श्रावणात कागदाला हातसुद्धा लावू नये. हवेतल्या दमटपणाने पाने एकमेकांना चिकटलेली असतात, ती ओढली की फाटतात. त्या महिन्यांत स्वयंपाकघर, औषधांचा डबा, हत्यारांची पेटी असली कामे काढावीत. गणपतीच्या सजावटीचे सामान गणपती बसवतानाच निवडावे.

पितृपक्षाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते काहींना रुचणार नाही. गेलेल्या माणसाच्या वस्तूंचा निर्णय करायला याहून योग्य पंधरवडा नाही. श्राद्धाला भावंडे जमलेली असतात, ज्याचे ते कपडे, तो चष्मा, ती काठी, त्याचे स्मरण त्या दिवशी सर्वांच्या मनात असते, आणि कोणी कोणती वस्तू न्यावी हे चार माणसांसमोर ठरते, त्यामुळे पुढे तोंडे फिरत नाहीत. आमच्याकडे आई गेल्यानंतर असे बसणे झालेच नाही. तेव्हा धाकट्याला सवड नव्हती.

कागदांचे काम कार्तिक संपल्यावर, मार्गशीर्ष-पौषातल्या कोरड्या हवेत करावे. उन्हात नव्हे, सावलीत. उन्हाने जुना कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. एका बैठकीला एकच गठ्ठा सोडावा. टाचण्या काढाव्यात, त्यांचा गंज पान खातो. चिकटपट्टी कदापि लावू नये. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात आणि सगळे पुन्हा स्वच्छ सुती कापडात बांधावे. प्रत्येक रुमालात वर एक फेरिस्त ठेवावी: आत काय आहे, किती पाने, कोणी कधी पाहिले. मोडी वाचता येत नसेल तर ते कागद जाणकाराला दाखवीपर्यंत तसेच ठेवावेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरची असलीच भेंडोळी गोळा करीत होते, म्हणून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघू शकला, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. घरी नको असतील तर असे कागद मागणाऱ्या संस्था आहेत. रद्दीचे दुकान ही त्यांची जागा नव्हे.

बाकीचे सर्वांना ठाऊक आहे. आठवड्याला एक कप्पा पुरे. नवी वस्तू आणली की जुनी एक बाहेर काढावी. कोणी मदतीला आले तर काय हलवायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे लेखी द्यावे. तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवू नये, मग तो भाऊ का असेना.

गेल्या महिन्यात मी घरातील सर्व सामानाची यादी पुरी केली. तीत धाकट्याच्या मालकीच्या चौदा वस्तू निघाल्या: अभियांत्रिकी महाविद्यालयातला त्याचा ड्रॉइंग बोर्ड, क्रिकेटची बॅट, सहावीपासूनच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा, पहिल्या नोकरीचे नेमणूकपत्र. त्यांतील एकही मी हलवलेली नाही. यादीची प्रत त्याला टपालाने पाठवली आहे. कोणती ठेवायची, कोणती द्यायची, हे प्रत्येकीपुढे लिहून सहीनिशी परत करावे, मुदत माघ अखेर, असे खाली लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. त्या वस्तू मात्र धुवून वाळवलेल्या त्याच खारव्याच्या रुमालाखाली झाकून ठेवल्या आहेत.