जुन्या अणुवीज केंद्रांचा अखेरचा खर्च

१. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• अणुवीज केंद्र मोडीत काढण्याच्या खर्चाचे वेगळेपण सांगता येईल.
• हा खर्च भागविण्याच्या ब्रिटन व जर्मनी येथील पद्धतींची तुलना करता येईल.
• त्या आधारे भारतातील तरतुदीचा विचार करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कापडगिरणी बंद पडली की तिची जमीन व यंत्रे विकून काही पैसा हाती येतो. अणुवीज केंद्राची स्थिती नेमकी उलट असते. वीजनिर्मिती थांबली की उत्पन्न संपते आणि मोठा खर्च सुरू होतो. वापरलेले इंधन काढणे, किरणोत्सारी झालेले पोलाद व काँक्रीट तोडणे आणि कचरा पिढ्यानपिढ्या सुरक्षित ठेवणे, यांपैकी कोणतेही काम टाळता येत नाही. म्हणूनच हा खर्च कोणी करावा, हा प्रश्न सार्वजनिक अर्थकारणाचा ठरतो.

३. काळाचा दुहेरी परिणाम

भट्टीच्या पोलादात निर्माण होणाऱ्या कोबाल्ट-६० चा किरणोत्सार सुमारे ५ वर्षांत निम्मा होतो. ५० वर्षांत तो हजारांशाच्या आसपास उतरतो. म्हणजे थांबल्याने कामगारांचा धोका घटतो. मात्र थांबण्याच्या काळात केंद्राची राखणही करावी लागते. आधीच निधी साठविलेला असेल, तर त्यावर व्याज मिळते व थांबणे परवडते. निधी नसेल, तर ज्यांनी ती वीज वापरलीच नाही, त्या पिढीवर देणे जाते.

४. ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमधील कॉल्डर हॉल हे केंद्र १९५६ मध्ये सुरू झाले व २००३ मध्ये बंद झाले. या पिढीतील ११ केंद्रांत एकूण २६ भट्ट्या होत्या. वीजउद्योगाच्या खासगीकरणाच्या वेळी या भावी खर्चाच्या धास्तीने अणुवीज केंद्रे सरकारकडेच ठेवावी लागली. १९९० पासून ग्राहकांच्या वीजबिलावर अधिभार बसविण्यात आला. परंतु ती रक्कम स्वतंत्र निधीत ठेवली गेली नाही. तिचा बराचसा भाग साइझवेल-बी या नव्या केंद्राच्या उभारणीकडे वळला. अखेर २००५ मध्ये जुनी स्थळे एका सरकारी प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली आणि खर्चाचा मोठा वाटा करदात्यांवर आला. यावरून असे दिसते की, पैसा गोळा करणे आणि तो राखून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५. जर्मनीची तडजोड

जर्मनीत २०१७ मध्ये वीजकंपन्यांनी सुमारे २४ अब्ज युरो एका सार्वजनिक निधीत जमा केले. त्या बदल्यात कचरा साठविण्याची जबाबदारी सरकारने स्वीकारली. भट्ट्या मोडण्याचा खर्च मात्र कंपन्यांकडेच राहिला. कंपनी बुडाली तरी कचऱ्यासाठीचा पैसा सुरक्षित राहील, हा या व्यवस्थेचा गुण होय. तथापि साठवणुकीचा खर्च अंदाजापेक्षा वाढल्यास फरक सरकारलाच भरावा लागेल, ही तिची मर्यादा होय.

६. भारतातील तरतूद

पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. भारतात अणुविजेच्या दरात मोडणीच्या निधीसाठी युनिटमागे २ पैसे आकारले जातात. वीज वापरणाऱ्यानेच तिचा अखेरचा खर्च उचलावा, हे तत्त्व यात स्वीकारलेले आहे. तथापि महागाई वाढत असताना असा ठरावीक आकार पुरेसा ठरतो का, याची वेळोवेळी तपासणी होणे आवश्यक आहे.

७. सारांश

मोडणीचा खर्च हा विजेच्या किमतीचाच भाग असून केवळ त्याची पावती उशिरा येते. केंद्र कमावते असतानाच स्वतंत्र निधी साठविणे, तो अन्यत्र न वळविणे आणि अंदाज वारंवार तपासणे, या तीन अटी पाळल्या तरच सार्वजनिक तिजोरीवरील भार मर्यादित राहतो.

८. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१) कापडगिरणी व अणुवीज केंद्र बंद होण्यातील आर्थिक फरक स्पष्ट करा.
२) ब्रिटनमधील अधिभाराचा हेतू सफल का झाला नाही?
३) ‘अखेरचा खर्च पुढील पिढीवर टाकणे अन्यायाचे आहे.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.