रस्त्यात गाडी अडली तर: आधी माणूस, मग गाडी, मग माल

दुसरबीड हे गाव सिंदखेड राजा ते मेहकर या रस्त्यावर आहे. जालन्याहून लोखंड, कापड, किराणा भरून निघालेल्या गाड्या याच वाटेने पुढे जातात. आपल्यापैकी कोणी आठवडी बाजारात कपड्यांचे दुकान लावतो, कोणी फळे-भाजी नेतो, कोणी वेल्डिंगचे सामान घेऊन गावोगाव कामाला जातो, तर कोणी रस्त्याच्या कडेला पंक्चरचे दुकान चालवतो. म्हणजे आपली रोजी-रोटी चाकांवर चालते. तरीही चाक रस्त्यात फुटले तर नेमके काय करावे, हे आपण कोणाकडून शिकलेलो नसतो. म्हणून या आठवड्यात व्यवहाराच्या इतर गोष्टी बाजूला ठेवून आम्ही हा धडा घेतला आहे.

एक घटना आधी आठवावी. सैलानी बाबांच्या दर्ग्यावरून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एका ट्रकवर मागून आदळला आणि १२ जणांचा जीव गेला. तो ट्रक महामार्गावर थांबलेला होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. यातून एवढे शिकायचे की वेगाच्या रस्त्यावर उभी असलेली गाडी धावत्या गाडीइतकीच, किंबहुना जास्त धोक्याची असते. पंक्चरने सहसा माणूस मरत नाही. पंक्चर झाल्यावर आपण कोठे थांबतो आणि कोठे उभे राहतो, यावर जीव अवलंबून असतो.

घरून निघण्यापूर्वी

टायर फुटला की आपण नशिबाला दोष देऊन मोकळे होतो. पण टायर बहुधा आधी इशारा देतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले. टायर फुटल्याने अपघात झाला, असे प्रथम सांगितले गेले. पुढे परिवहन खात्याच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही, असे म्हटले होते. टायरवर खापर फोडणे सोपे असते, पण टायर तपासणे हे आपल्या हातात आहे. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

पहिली गोष्ट हवेची. हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघताना मोजावी. किती पौंड हवा हवी हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असतो, तो पाहावा. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी वाकते, वाकून तापते आणि तापून फाटते. पुष्कळ जण उलटे समजतात. उन्हात टायर तापला म्हणून ते वाटेत हवा काढतात. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी चढले की हवा सुमारे १ पौंड वाढते. ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. गरम टायरमधून हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी पडते आणि पुढच्या सफरीत तोच टायर दगा देतो.

दुसरी गोष्ट नक्षीची. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलण्याची वेळ झाली. गोटा झालेला टायर पावसात रस्ता धरत नाही. टायरच्या बाजूला फुगवटा दिसला किंवा आतला धागा दिसू लागला तर त्या टायरवर एकही फेरी करू नये.

तिसरी गोष्ट वयाची. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला, असे समजावे. जुना टायर स्वस्तात घेताना हे आकडे जरूर वाचावेत. नक्षी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होऊन तडकते.

चौथी गोष्ट स्टेपनीची. आम्ही स्वतः एकदा रात्री जालन्याहून येताना फसलो होतो. स्टेपनी होती, जॅक होता, पण स्टेपनीत हवाच नव्हती. चार चाकांची हवा पाहताना पाचवे चाक आम्ही विसरलो होतो. जॅक, पाना, बॅटरी, लाल त्रिकोण, जाड फळीचा एक तुकडा आणि दोन मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे गाडीत कायम असावेत.

चालत्या गाडीचा टायर फुटला तर

आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढते आणि घाबरून पाय ब्रेकवर जातो. हीच चूक होते. जोरात ब्रेक मारला की गाडी फिरते आणि माल भरलेला पिकअप उलटतो. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी. ब्रेकला पाय लावू नये. अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे. वेग पुरता उतरल्यावर डावा इंडिकेटर देऊन गाडी सावकाश बाजूला घ्यावी.

कोठे थांबावे

टायर खराब होईल म्हणून जागच्या जागी थांबणे हा महागात पडणारा हिशेब आहे. बसलेल्या टायरवर शे-दोनशे मीटर हळू चालवले तर फार तर टायर जाईल. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबले तर जीव जाईल. सपाट, टणक आणि मागून दिसणारी जागा गाठावी. पावसाळ्यात साइडपट्टीची काळी माती भरलेल्या गाडीचे चाक गिळते, म्हणून चाक फार खाली उतरवू नये.

थांबताच चारही इंडिकेटर लावावेत. सर्व माणसांना डाव्या बाजूने उतरवावे आणि रस्त्यापासून दूर, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे उभे करावे. गाडीच्या मागे किंवा पुढे कोणालाही उभे राहू देऊ नये. मुलांना गाडीत झोपू देऊ नये.

मग त्रिकोण मागे नेऊन ठेवावा. साध्या रस्त्यावर किमान ५० मीटर, वेगाच्या रस्त्यावर १०० मीटर किंवा जास्त. याचे कारण साधे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर धावते, म्हणजे १०० मीटर साडेचार सेकंदांत संपतात. ताशी १२० च्या वेगाने तेच अंतर तीन सेकंदांत संपते. पाच-दहा पावलांवर दगड आणि झाडाची फांदी ठेवून मागच्याला सावध होण्यास वेळ मिळत नाही. शिवाय ते दगड पुढे रस्त्यातच राहतात आणि रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याचा घात करतात.

समृद्धी महामार्गावर मात्र स्वतः चाक बदलण्याची घाई करू नये. तेथे मोटारींना ताशी १२० पर्यंतचा वेग आहे. गाडी कडेला घेऊन, माणसे कठड्याबाहेर काढून महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक महामार्गावर चढण्यापूर्वीच लिहून ठेवावा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

चाक बदलण्याचा क्रम

१. हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद करून चढाला तोंड असेल तर पहिला गिअर, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स टाकावा.

२. जे चाक बदलायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावावा.

३. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करावेत. गाडी उचलल्यावर पान्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते.

४. जॅक कंपनीने नेमून दिलेल्या जागीच आणि फळी ठेवून टणक जमिनीवर लावावा. जमेल तेवढा माल आधी उतरवावा.

५. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर पडेल. काही झाले तरी केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

६. नवे चाक बसवून नट समोरासमोरचे, एकाआड एक असे आवळावेत. गाडी खाली उतरवून मग पूर्ण जोर लावावा. सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत.

उजव्या बाजूचे चाक असेल तर काम करणाऱ्याची पाठ वाहतुकीकडे येते. तेव्हा एक माणूस कठड्याजवळून फक्त येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवण्यासाठी नेमावा.

इंजिन तापले, ब्रेक लागेना, धूर निघाला

इंजिन तापले तर गाडी बंद करून निदान अर्धा तास थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतले उकळते पाणी तोंडावर उसळते. ब्रेक लागेना झाला तर पेडल भराभर दाबून पाहावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढावा. चालत्या गाडीची चावी काढू नये, स्टिअरिंग अडकते. बॉनेटमधून धूर येत असेल तर आधी माणसे दूर न्यावीत. बॉनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळाली की आग भडकते. मालासाठी पुन्हा गाडीत शिरू नये.

गाडी बंद पडली की पुष्कळ बाजारकरी मिळेल त्या मालगाडीत, मालावर बसून घर गाठतात. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच दुसरबीडजवळ तढेगाव परिसरात लोखंडी सळ्या आणि मजूर एकत्र नेणारा टिप्पर उलटला. १३ मजूर गेले. समृद्धी महामार्गाच्या कामावरची ही माणसे होती. गाडी उलटली की खाली आलेला माल माणसाला वाचू देत नाही. दोन तास उशीर झाला तरी चालेल, बस येईपर्यंत थांबावे.

पंक्चर दुकानदार बंधूंसाठी

आपल्या अनेक भावांचा हा व्यवसाय आहे. त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. ट्रकच्या रिंगच्या चाकाची हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडल्याशिवाय रिंगला हात लावू नये. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे आणि स्वतः बाजूला उभे राहावे. सुटलेली रिंग तोफेच्या गोळ्यासारखी येते. ट्यूबलेस टायरला धागा फक्त नक्षीच्या भागात भरावा. बाजूच्या भिंतीला भोक पडले असेल तर टायर निकामी झाला, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. पन्नास-शंभर रुपयांसाठी त्याला फसवून पुढे पाठवू नये. आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे. आतून गंजलेली टाकी एक दिवस फुटते.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर

रस्त्यालगतच्या दुकानदारांना अपघात आधी दिसतो. पण पोलीस आणि कोर्टाची कटकट नको म्हणून लोक लांबून पाहतात. ही भीती आता धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. मोटार अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लागू केली आहे. तेव्हा १०८ ला फोन करावा, जखमीभोवतीची गर्दी हटवावी, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. मानेला किंवा पाठीला मार दिसत असेल तर आगीचा धोका नसताना त्याला ओढाताण करून उचलू नये.

बंधूंनो, बाजार पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो. गेलेला माल मेहनतीने परत उभा राहतो, गाडीही दुरुस्त होते. घरी वाट पाहणाऱ्यांना मात्र दुसरा कमावता माणूस मिळत नाही. उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी खाली वाका, चारही टायर पाहा आणि पाचवे चाक विसरू नका. हा लेख आपल्या चालकाला आणि दुकानातल्या मुलालाही वाचून दाखवा.